तीळ थांबतो कसा आणि मेलॅनोमा थांबत का नाही

"कॅन्सरवर लस आली" अशी हेडलाईन गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठेतरी वाचली असेल, आणि बातमी शेवटपर्यंत वाचली असेल तर खाली कळलं असेल की ही मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरसाठी चालू असलेली ट्रायल आहे. मग मेलॅनोमा म्हणजे काय ते शोधायचं, कुठेतरी "तिळासारखा दिसणारा कॅन्सर" असं वाचायचं आणि रात्री आरशासमोर उभं राहून अंगावरचे तीळ मोजत बसायचं. मला असे मेसेज येतात, सोबत तिळाचा फोटो आणि प्रश्न एकच, "हा बरा आहे ना गं?" मी डॉक्टर नाही, आणि फोटो बघून कोणीच काही ठाम सांगू नये. पण या विषयातलं संशोधन मी बरीच वर्षं वाचतेय आणि ते समजलं की भीती जिथे असायला हवी तिथेच राहते, उगाच अंगभर पसरत नाही, म्हणून हे लिहितेय.

तीळ म्हणजे नक्की काय

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना आपण पुढे सरळ रंगपेशी म्हणू. त्यांचं काम म्हणजे मेलॅनिन हा रंग बनवायचा आणि आजूबाजूच्या पेशींना वाटायचा. एक रंगपेशी साधारण ३५-४० शेजारणींना रंग पुरवते, आणि त्या शेजारणी तो रंग आपल्या केंद्रावर छत्रीसारखा धरतात, म्हणजे उन्हातले अतिनील किरण थेट आतल्या डीएनएवर पडत नाहीत. गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक छत्रीच्या जाडीचा असतो.

एरवी या पेशी एकमेकींपासून अंतर ठेवून राहतात. कधीतरी त्यातली एक पेशी वाढायला लागते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, करत करत एक पुंजका तयार होतो, आणि तो पुंजका म्हणजे तीळ. चामखीळ वेगळी, ती बहुतेकदा व्हायरसमुळे येते, तिचा या कुळाशी संबंध नाही.

आता यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. २००२ मध्ये मेलॅनोमाच्या पेशींमध्ये ब्राफ नावाच्या जीनमध्ये एक ठरावीक बिघाड सापडला, साधारण निम्म्या मेलॅनोमांमध्ये. हे जीन म्हणजे दारावरच्या बेलसारखं, बाहेरून कोणी बटण दाबलं की आत निरोप जातो, "वाढ". बिघाड झाला की बटण दाबलेलंच अडकून बसतं आणि बेल वाजतच राहते. सगळ्यांना वाटलं कॅन्सरचा गुन्हेगार सापडला. पण पुढच्याच वर्षी साधे, निरुपद्रवी तीळ तपासले तर तोच बिघाड तिथेही निघाला, तोही सुमारे ८० टक्के तिळांमध्ये!

म्हणजे बेल अडकली म्हणून कॅन्सर होतोच असं नाही. बेल अडकते, पेशी वाढते, आणि मग पेशीच्या आतली दुसरी यंत्रणा म्हणते की हे काहीतरी चुकतंय, आणि ब्रेक दाबते. पेशी मरत नाही पण पुढे वाढायचं थांबते. तुमच्या दंडावरचा वीस वर्षं तस्साच असलेला तीळ म्हणजे अशी सुरू होऊन थांबलेली गोष्ट आहे, आणि बहुतेक तीळ आयुष्यभर थांबलेलेच राहतात. मेलॅनोमाच्या संशोधनातला मोठा भाग या एकाच प्रश्नाभोवती फिरतो, की ब्रेक लागतो कसा आणि क्वचित एखाद्या पेशीत तो निकामी का होतो.

मग तिळाचा कॅन्सर होतो की नाही?

होतो, पण फार कमी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता की चाळिशीच्या आतल्या माणसाच्या एखाद्या तिळाचा त्या वर्षात मेलॅनोमा होण्याची शक्यता दोन लाखात एकापेक्षाही कमी असते. वयाबरोबर ती वाढते, पण साठीनंतरच्या पुरुषांमध्येही ती साधारण ३३ हजारात एक एवढीच निघाली. आणि हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांचे आहेत, ज्यांच्यात मेलॅनोमा मुळात जास्त होतो.

दुसरं म्हणजे सुमारे ७० टक्के मेलॅनोमा जुन्या तिळातून येतच नाहीत, ते चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर नव्याने उगवतात. म्हणून "सगळे तीळ काढून टाकले तर टेन्शनच नको ना" या विचारात फारसा अर्थ नाही, सगळे काढले तरी बरीचशी जोखीम तशीच राहते आणि वर अंगभर व्रण.

तरी तिळांची संख्या बिनमहत्त्वाची नाही बरं का. ज्यांच्या अंगावर शंभराहून जास्त तीळ आहेत त्यांना अगदी मोजके तीळ असलेल्यांपेक्षा मेलॅनोमाची जोखीम साधारण सातपट असते. ते सगळे तीळ कॅन्सर होऊ पाहतायत असं नाही, पण अशा माणसाच्या रंगपेशी चटकन वाढायला लागणाऱ्या आहेत एवढं त्यातून कळतं, आणि अशांनी अधूनमधून स्किनच्या डॉक्टरांना दाखवत राहावं.

कुठल्या तिळाकडे बघायचं

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एक सोपी युक्ती काढली, इंग्रजी अक्षरं ए बी सी डी, नंतर २००४ मध्ये त्यात ई आलं. अक्षरं पाठ करायची गरज नाही, अर्थ एवढाच की मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कड फाटकी-वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, पेन्सिलच्या मागच्या खोडरबरापेक्षा म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, आणि शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, तो बदलतोय.

यापेक्षा मला दुसरी खूण जास्त आवडते जी १९९८ मध्ये फ्रान्समधून आली, तिला कुरूप पिल्लाची खूण म्हणतात. एका माणसाचे तीळ साधारण एकमेकांसारखे दिसतात, भावंडांसारखे, त्यात एखादाच चेहरामोहरा वेगळा असलेला दिसला तर त्याच्याकडे बघा. प्रत्येक तिळाला नियम लावत बसण्यापेक्षा माणसाचा डोळा हे काम पटकन करतो.

पण एक इशारा. मेलॅनोमाचा एक प्रकार असा आहे की तो या कुठल्याच नियमात बसत नाही, छोटा, गोल, एकाच रंगाचा, कधी चक्क गुलाबी असतो, फक्त टणक असतो, वर आलेला असतो आणि आठवड्या-आठवड्याला वाढतो. नियमात बसत नाही म्हणून सोडून देऊ नका, वाढतोय म्हणजे दाखवायचाच.

डॉक्टरकडे डर्मोस्कोप नावाचं एक भिंग असतं, साधारण दहापट मोठं दाखवणारं, आणि ते त्वचेवरची चमक घालवून थोडं आतलं दाखवतं. गंमत बघा, तळपायावरच्या डागात रंग कुठे आहे यावरून बरंच कळतं. बोटांच्या ठशासारख्या ज्या रेघा तळपायावर असतात त्यांच्या खाचांमध्ये रंग असेल तर डाग सहसा साधा असतो, उंचवट्यांवर असेल तर संशय घ्यायचा. हा शोध जपानी डॉक्टरांचा, तळपायाचा मेलॅनोमा त्यांच्याकडे जास्त म्हणून त्यांनी तळपाय इतके बारकाईने पाहिले.

"आपण सावळे, आपल्याला कुठे होतोय?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकलाय आणि मला तो सगळ्यात धोकादायक वाटतो. अर्धा भाग खरा आहे, सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांमध्ये मेलॅनोमा गोऱ्यांपेक्षा खूपच कमी होतो कारण छत्री जाड असते. पण जो होतो तो बरेचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो, जिथे उन्हाचा तसा संबंधच नाही. त्यातले जीनमधले बिघाडही वेगळे असतात, ब्राफचा बिघाड तिथे कमी सापडतो. बॉब मार्ली हा जमैकन गायक १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी गेला तो याच प्रकाराने, सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

आणि इथे उशीर होतो कारण कोणी तळपाय बघतच नाही, पेशंट नाही आणि बरेचदा डॉक्टरही नाही. डाग म्हणजे मुका मार वाटतो, बरी न होणारी जखम म्हणजे पायातलं कुरूप, म्हणजे भोवरी वाटते, नखातली काळी रेघ म्हणजे काहीतरी लागलं असेल असं वाटतं. आता नखात उभी काळसर रेघ सावळ्या लोकांमध्ये सर्रास असते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते, त्यामुळे रेघ दिसली की घाबरायचं नाही, पण एकाच नखात नवीन आली, रुंद होत चालली, किंवा रंग नखाच्या बाहेर कडेच्या कातडीवर उतरायला लागला तर उशीर करू नका.

जगातलं मेलॅनोमाचं बहुतेक संशोधन गोऱ्या लोकांवर झालंय, तिळाचा फोटो बघून अंदाज सांगणाऱ्या ॲपना शिकवायला वापरलेले फोटोही बहुतांशी गोऱ्या त्वचेचेच. त्यामुळे ॲप "ठीक आहे" म्हणालं म्हणून सावळ्या तळपायावरचा डाग सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

सनस्क्रीनचं पण इथेच सांगून टाकते. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावात १,६२१ लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटात वाटलं, एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला हवं तेव्हा. चार-पाच वर्षं हे चाललं, नंतर दहा वर्षं लक्ष ठेवलं, तर रोजवाल्यांमध्ये ११ जणांना मेलॅनोमा झाला आणि दुसऱ्या गटात २२ जणांना. गोऱ्या कातडीसाठी आणि कडक उन्हासाठी हा चांगला पुरावा आहे, तळपायाच्या मेलॅनोमाला मात्र सनस्क्रीनचा काही उपयोग नाही.

"सुई लावली की पसरतो म्हणे"

बायोप्सी, म्हणजे तपासायला तुकडा काढणं, केल्याने मेलॅनोमा पसरतो आणि पेशंट लवकर जातो असा पुरावा नाही. उलट बायोप्सीशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही, कारण या आजारात सगळ्यात मोलाचा आकडा मायक्रोस्कोपखालीच मोजता येतो, तो म्हणजे खोली. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने दाखवलं की गाठ किती पसरट आहे यापेक्षा ती त्वचेत किती खोल गेलीय यावर पुढचं भविष्य ठरतं. तण उपटताना पानं किती पसरलीत ते कोण बघतं, मूळ किती खोल गेलंय ते बघायचं. आजही स्टेज ठरवताना १, २ आणि ४ मिलिमीटर याच पायऱ्या धरतात, आणि १ मिलिमीटरच्या आत सापडलेला मेलॅनोमा बहुतेकदा नुसत्या ऑपरेशनने बरा होतो. एका मिलिमीटरचा फरक, विचार करा.

म्हणूनच संशयास्पद तीळ लेझरने जाळून घेणं किंवा कुठलं तरी ॲसिड लावून घालवणं हे फार वाईट. तीळ जातो पण सोबत पुरावाही जातो, तपासायला तुकडाच उरत नाही, आणि आत राहिलेलं काही असेल तर ते व्रणाखाली लपून बसतं. काढायचा तर कापून काढा आणि लॅबला पाठवा.

कापायचं किती, यावरही मोठ्या ट्रायल झाल्यात आणि मला त्या फार आवडतात कारण त्यांनी डॉक्टरांना कमी कापायचं धाडस दिलं. पूर्वी गाठीच्या चारी बाजूंनी ५-५ सेंटीमीटर चांगली त्वचा काढायचे, मग दुसरीकडची कातडी आणून लावायची, केवढा तो त्रास. नंतर युरोपात जाड मेलॅनोमाच्या ९३६ पेशंटमध्ये २ सेंटीमीटर विरुद्ध ४ सेंटीमीटर अशी तुलना झाली आणि जगण्यात काहीच फरक दिसला नाही.

लिम्फच्या गाठींचंही तेच, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या त्या छोट्या गाठी ज्या प्रत्येकाच्याच अंगात असतात. काखेतल्या किंवा जांघेतल्या पहिल्या गाठीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या की तिथल्या सगळ्याच गाठी काढायच्या अशी पद्धत होती, ऐकायला बरोबरच वाटतं ना, मुळापासून साफ. २०१७ मध्ये १,९००हून जास्त पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला, एका गटाच्या सगळ्या गाठी काढलेल्या, दुसऱ्या गटावर फक्त सोनोग्राफीने लक्ष ठेवलेलं, आणि तीन वर्षांनंतर मेलॅनोमाने मृत्यू न झालेले दोन्हीकडे ८६ टक्के. फरक कशात होता तर हातापायाला कायमची सूज येण्यात, गाठी काढलेल्यांमध्ये २४ टक्के आणि न काढलेल्यांमध्ये ६ टक्के. किती वर्षं किती लोकांनी ती सूज विनाकारण भोगली असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग सगळ्यांची दरवर्षी तपासणी का करत नाहीत?

वाजवी प्रश्न. जर्मनीने करून बघितलं, २००३-०४ मध्ये एका राज्यात साडेतीन लाखांहून जास्त लोकांची त्वचा तपासली, त्यानंतर तिथले मेलॅनोमाचे मृत्यू कमी झाल्यासारखे दिसले आणि २००८ पासून देशभर तपासणी सुरू झाली. पण काही वर्षांत त्या राज्यातला मृत्यूदर परत पूर्वीसारखा झाला. अमेरिकेत गेल्या चाळीस वर्षांत मेलॅनोमाचं निदान कितीतरी पटींनी वाढलं पण मृत्यू त्या प्रमाणात हलले नाहीत, म्हणजे शोधून काढलेल्यांपैकी काही असे असणार की जे कधीच त्रास देणार नव्हते. जोखीम जास्त असलेल्यांनी नियमित दाखवावं, बाकीच्यांनी बदल दिसला की दाखवावं, माझं मत यावर स्थिरावलंय.

दुर्मीळ आजारांवर एवढा वेळ का घालवायचा?

"दहा लाखात एकाला होणाऱ्या आजारावर संशोधन कशाला, कॉमन आजार आधी बघा ना" असं लोक म्हणतात. त्यांना मी झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराची गोष्ट सांगते, सोयीसाठी एक्सपी म्हणू. या मुलांना थोड्याशा उन्हानेही चटके बसतात, लहानपणीच अंगभर करडे ठिपके येतात आणि त्वचेचे कॅन्सर शाळेच्या वयात सुरू होतात. वीस वर्षांखालच्या एक्सपी पेशंटमध्ये साध्या प्रकारच्या त्वचेच्या कॅन्सरची जोखीम इतरांच्या दहा हजार पट आणि मेलॅनोमाची दोन हजार पट मोजली गेलीय. या मुलांना दिवसा बाहेर पडायचं तर अंग पूर्ण झाकून, तोंडावर संरक्षक मास्क लावून, घराच्या खिडक्यांना फिल्टर.

१९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी याचं कारण दाखवलं. उन्हाने प्रत्येकाच्याच डीएनएत चुका होतात, पण आपल्या पेशीत प्रूफरीडर बसलेले असतात जे चुकलेला शब्द कापून तिथे बरोबर शब्द बसवतात. एक्सपीमध्ये हा प्रूफरीडरच जन्मापासून गैरहजर. म्हणजे ऊन, डीएनए आणि कॅन्सर यांची साखळी या मोजक्या मुलांमुळे जगाला दिसली, आणि डीएनए दुरुस्तीच्या संशोधनाला २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तसंच काही घराण्यांचं, जिथे पिढ्यानपिढ्या अंगभर मोठे, ओबडधोबड तीळ आणि घरातल्या अनेकांना मेलॅनोमा. १९९४ मध्ये अशा घरांमध्ये बिघडलेलं जीन सापडलं, आणि ते कसलं होतं माहितीये? पी१६ नावाचा ब्रेक बनवणारं, आणि थांबलेल्या तिळात जे ब्रेक लागलेले दिसतात त्यातला एक हाच. ब्राफची बेल अडकली, पण ब्रेक आधीच ढिला, मग थांबवणार कोण. अशा काही घरांत स्वादुपिंडाचा कॅन्सरही जास्त दिसतो, म्हणून जवळच्या तीन-चार नातेवाइकांना हे कॅन्सर झाले असतील तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

उपचाराच्या बाजूचंही एक उदाहरण देते. एपिडर्मोलिसिस बुलोसा या त्वचेच्या दुर्मीळ आजाराच्या एका प्रकारात त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारं कोलॅजन बनत नाही, मिठी मारली तरी कातडी सुटते. २०२३ मध्ये अमेरिकेत यावर एक जेल मंजूर झालं, ज्यात निरुपद्रवी केलेला नागिणीच्या कुळातला व्हायरस ते जीन थेट जखमेत पोहोचवतो. ट्रायल फक्त ३१ जणांची! एवढ्या कमी लोकांत तुलना कशी करणार, तर त्यांनी प्रत्येक पेशंटच्याच दोन सारख्या जखमा निवडल्या, एकीला औषधाचं जेल, दुसरीला साधं जेल, कुठलं कुठे ते पेशंटला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांनी औषधाच्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, साध्याच्या २२ टक्के. माणूस तोच असल्यामुळे वय, खाणंपिणं, बाकीची तब्येत या सगळ्याचा प्रश्नच मिटला, इतकी सुंदर रचना मी क्वचित वाचलीय.

२०११ च्या आधी आणि नंतर

शरीरात इतरत्र पसरलेल्या मेलॅनोमाला २०११ पर्यंत धड औषध नव्हतं, बहुतेक पेशंट वर्षभरही काढत नसत. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या वाटांनी औषधं आली.

पहिली वाट ब्राफची, अडकलेलं बटण सोडवणारी गोळी. ६७५ पेशंटच्या ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी गोळीवाल्यांपैकी ८४ टक्के हयात होते आणि जुन्या केमोवाल्यांपैकी ६४ टक्के. पण बऱ्याच पेशंटमध्ये काही महिन्यांनी कॅन्सर दुसरा रस्ता शोधतो, हायवे बंद केला की गाड्या गल्लीबोळातून निघतात तसा, म्हणून आता पुढचा चौकही अडवणारी दुसरी गोळी सोबत देतात.

दुसरी वाट इम्युनोथेरपीची. आपल्या प्रतिकारशक्तीच्या सैनिकपेशींना स्वतःचे ब्रेक असतात, नाहीतर त्या आपल्याच अंगावर धावून येतील. कॅन्सर हे ब्रेक दाबून धरतो आणि ही औषधं तो ब्रेक सोडवतात. हे शोधणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. यातली दोन औषधं एकत्र घेतलेल्या पेशंटचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये आला, ४३ टक्के हयात. जिथे वर्ष काढणं मुश्किल होतं तिथे दहा वर्षं! पण ब्रेक सोडला की गाडी कुठेही जाऊ शकते, आतडं, लिव्हर, थायरॉइडवर स्वतःच्याच पेशी हल्ला करतात आणि दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना गंभीर साइड इफेक्ट झाले होते.

या औषधांवर असताना काही पेशंटना अंगावर कोड येतं, आणि अशांचा कॅन्सर सहसा जास्त चांगला आटोक्यात येतो असं दिसलंय. कारण सैनिकपेशी मेलॅनोमाला ज्या खुणांवरून ओळखतात त्यातल्या काही साध्या रंगपेशींवरही असतात. एखाद्या साध्या तिळाभोवती पांढरं कडं येऊन तीळ हळूहळू पुसला जातो, मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, तेही याच कुळातलं.

"म्हणजे पेशंटवर प्रयोगच ना?"

हो, प्रयोगच, शब्दाला घाबरू नका. पण नियम बांधलेला प्रयोग. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांमध्ये डोस आणि धोका बघतात, दुसऱ्यात गुण येतोय का ते बघतात, तिसऱ्यात आधीपासून असलेल्या सर्वोत्तम उपचाराशी तुलना. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठीने ठरतं, कारण डॉक्टरांनी निवडलं तर नकळत धडधाकट पेशंट नव्या औषधाकडे जातील आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. कॅन्सरचा चांगला उपचार आधीच उपलब्ध असेल तर नुसती साखरेची गोळी देऊन पेशंटला तसंच ठेवत नाहीत, दोन्ही गटांना तो उपचार मिळतो आणि एका गटाला त्यावर नवं औषध. आणि कुठल्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

सही करण्याआधी विचाराच, की ही कितव्या टप्प्याची ट्रायल आहे, मी यात आलो नाही तर मला कुठला उपचार मिळेल, किती फेऱ्या आणि किती बायोप्सी, इजा झाली तर खर्च कोणाचा. उत्तर द्यायची घाई करणाऱ्याकडे सही करू नका, फॉर्म घरी न्या, घरच्यांना वाचून दाखवा.

आता त्या लसीचं

ही लस आजार होऊ नये म्हणून द्यायची नाहीये. मेलॅनोमा ऑपरेशनने काढलाय पण परत येण्याची भीती मोठी आहे अशांसाठी ती आहे. काढलेल्या गाठीचा डीएनए वाचतात, त्यातले त्या पेशंटपुरतेच असलेले जास्तीत जास्त ३४ बिघाड निवडतात आणि त्यांची एमआरएनए लस बनवतात, म्हणजे सैनिकपेशींच्या हातात गुन्हेगाराचा फोटो द्यायचा. प्रत्येकाची लस वेगळी.

दुसऱ्या टप्प्यात १५७ पेशंट होते. सगळ्यांना इम्युनोथेरपी, त्यातल्या १०७ जणांना सोबत लस. लसवाल्यांपैकी २४ जणांचा कॅन्सर परतला किंवा त्यांचा मृत्यू झाला, नुसत्या इम्युनोथेरपीच्या ५० जणांपैकी २० जणांचं तसं झालं. बातमीतला "धोका ४४ टक्के कमी" हा आकडा वेळेचा हिशेब धरून यातूनच आला. साध्या भाषेत, शंभरातले ४० विरुद्ध शंभरातले २२. आशा वाटावी असा फरक आहे, पण दुसऱ्या गटात फक्त ५० माणसं, त्यातली तीन-चार इकडची तिकडे झाली असती तरी चित्र बदललं असतं. म्हणून तिसऱ्या टप्प्याची, हजाराच्या आसपास पेशंटची ट्रायल २०२३ मध्ये सुरू झाली, आणि लसीवर भरवसा किती ठेवायचा हे त्या आकड्यांवर ठरणार, हेडलाईनवर नाही.

यात एक गोष्ट पेशंटच्या हातात आहे. ब्राफची टेस्ट असो की अशी लस, सुरुवात काढलेल्या गाठीच्या तुकड्यापासून होते. लॅब तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवते, त्याला ब्लॉक म्हणतात. ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डासोबत पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, त्यावर खोली मिलिमीटरमध्ये लिहिलीय का बघा, ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय ते लिहून फाईलला लावून ठेवा, कारण दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरने मागितला तर तो शोधण्यात आठवडे जातात.